खरीप जूनमध्ये, पैसे मार्चमध्ये

शिरूरच्या एसटी स्टँडामागे लिंबाच्या पारावर आमचा कट्टा बसतो. परवा ३१ मार्चला पिंट्या उशिरा आला. तो रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे, सीएसआरचं, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं, कामही त्याच्याकडेच असतं. चहा यायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. शंभरेक पोरं, डोक्यावर एकसारख्या टोप्या, मागे ‘शाश्वत शेती युवा प्रशिक्षण’ असा बॅनर.

“गेल्या आठवड्यातलं आहे. शेण-गोमूत्राचं जीवामृत, गांडूळखत, निंबोळी अर्क, सगळं एका दिवसात घेतलं. यंदाचा निधी पूर्ण खर्च झाला.”

आबांनी फोटो लांब धरून पाहिला. ते दिवसभर कांदाकाढणीत होते, हाताला अजून माती होती. “पिंट्या, जीवामृत आठवडाभरात वापरावं लागतं. या पोरांनी ते आत्ता कशावर टाकायचं? रानं मोकळी होत आलीत. आणि पेरणी होईल तेव्हा जूनमध्ये यांना कोण भेटणार?”

“आबा, माझ्या हातात नाही ते. पैसे जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात आणि मार्चएंडला हिशोब द्यावा लागतो. कायदाच तसा आहे.”

इथे मला राहवलं नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि हे सगळं आमच्या शाळेत भोगून झालं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने आम्हाला शेडनेट, ठिबकचा संच आणि माती परीक्षणाची पेटी दिली. सोबत शेजारच्या गावातला, कृषी पदविका झालेला एक पोरगा निदेशक म्हणून वर्षभरासाठी दिला. त्या पोराने नववीच्या मुलींना आबांच्याच रानात नेलं होतं. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, शेणखताच्या ढिगाशेजारी नको, असं सांगत त्याने नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घ्यायला लावले. खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची माती खुरप्याने वरून खालपर्यंत तासून घमेल्यात घेतली. ती गोणपाटावर पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकले. अर्धा किलो उरेपर्यंत मुली हेच करत होत्या. त्यातल्या एकीने घरी जाऊन वडिलांना विचारलं, “आपण अठरा-शेचाळीस, म्हणजे डीएपी खत, कोणत्या हिशोबाने टाकतो?” तिच्या घरात हा प्रश्न याआधी कुणी विचारलेलाच नव्हता.

आबांच्या मातीत स्फुरद भरपूर निघालं आणि सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली, म्हणजे कमीच. डीएपीतून मुख्यतः स्फुरदच मिळतं, म्हणून त्यांनी पुढच्या लागवडीला त्याच्या गोण्या निम्म्यावर आणल्या. कांदा काही कमी आला नाही.

वर्ष संपलं, निदेशकाचा पगार थांबला, पोरगा चाकणला कामाला गेला. शेडनेट पहिल्या वळवाच्या वाऱ्यात फाटलं. पेटीतली रसायनं मुदतीबाहेर गेली. आता त्या सांगाड्याला मुलं डबे टांगतात. आणि कंपनीची माणसं आली की विचारतात, “अजून एक शेडनेट देऊ का?”

“कायद्याचं म्हणशील,” मी पिंट्याला म्हणालो, “तर नीट वाच. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करा. पण २०२१ पासून चालू प्रकल्पाची सोय आहे. सुरू केलं ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो. उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे, बस. म्हणजे चार खरीप मिळतात. मग मार्चची घाई कशाला?”

पिंट्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, “मला माहीत आहे ते. पण वर मंजुरी घेताना वस्तू दाखवायला सोपी जाते. शेडनेटवर नाव लिहिता येतं. पगार प्रशासकीय खर्चात धरतील, त्याला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, अशी भीती असते.”

“ती मर्यादा तुमच्या ऑफिसच्या खर्चाला आहे. शिकवणाऱ्याचा पगार हाच तर प्रकल्प!”

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते सदतीस वर्षं जिल्हा परिषदेत शिकवून निवृत्त झाले. “तुम्ही दोघंही मूळ सोडून बोलताय. शेतीशिक्षण ही सरकारची जबाबदारी. आज कंपनीने निदेशक दिला, उद्या काढून घेतला, पोरांनी कुणाकडे बघायचं? आणि औषधं-बियाणं विकणारी कंपनी शाळेत येऊन शाश्वत शेती शिकवायला लागली तर? २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. त्यानंतर पोरांना आधी काय शिकवायला हवं होतं? फवारणी टाळायची कशी, कीड मोजायची कशी. तुमच्या मालाचा खप कमी करणारं शिक्षण तुम्ही मनापासून द्याल?”

यावर मला उत्तर देता आलं नाही, आणि मला वाटतं मास्तरांचं म्हणणं खरंच आहे. मार्केटिंगच्या फायद्यासाठीचं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, एवढं नियम म्हणतो. पण नमुन्याची पाकिटं आणि नाव छापलेल्या पिशव्या घेऊन येणारी माणसं मी वर्गाच्या दारात पाहिली आहेत. अशांना वर्गात येऊ द्यायचं नाही, हे शाळेनेच ठरवलं पाहिजे.

ज्ञान्या मात्र मास्तरांवर उखडला. त्याची रोपवाटिका आहे, हाताखाली दोन माणसं. “मास्तर, मी दहावीला गणितात गेलेलो. पाबळच्या विज्ञान आश्रमात एक वर्ष राहिलो म्हणून उभा आहे. माझी फी एका कंपनीने भरली. सरकारची वाट बघत बसलो असतो तर आज गेटवर वॉचमन असतो.”

पाबळ आमच्याच तालुक्यात, इथून तास-दीड तासाच्या वाटेवर. डॉ. कलबागांनी मुंबईची चांगली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही त्यांची धारणा. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळांत आठवड्याला एक दिवस चालतो. वेल्डिंग, वीज, स्वयंपाक-आरोग्य, शेती-पशुपालन. मुलं गावाची खरी कामं करतात आणि शिकवायला शक्यतो गावातलाच जाणता कारागीर घेतात. ज्ञान्याला आजही कुणी जुगाडू म्हटलं तर तो चिडतो. म्हणतो, मी मोजून काम करतो.

“तेच म्हणतोय मी,” आबा म्हणाले. “त्याला शेडनेट नाही दिलं कुणी. त्याला वर्षभर माणूस दिला.”

पिंट्याने वही काढली. एक निदेशक, दोन शाळांत मिळून, पगार बारा महिन्यांचा, सुरुवात मे अखेर, शेवट चौथ्या वर्षीच्या रब्बीनंतर. शेडनेटच्या रकान्यावर त्याने स्वतःच काट मारली. एक दुरुस्तीचा रकाना टाकला, तो आजवर कधीच नव्हता.

“आणि त्यानंतर?” मास्तरांनी विचारलं. “चार वर्षांनी पगार कोण देणार?”

ज्ञान्या म्हणाला, मुलांनी केलेल्या माती परीक्षणाचे पैसे घ्यावेत. मास्तर म्हणाले, ग्रामपंचायतीने वाटा उचलावा आणि ते आत्ताच लेखी घ्यावं. मला दोन्ही थोडं-थोडं पटलं, पण पगाराएवढी रक्कम त्यातून जमेल असं वाटत नाही. त्यावर अर्धा तास घासाघीस झाली, टपरीवाल्याने बाकडं उचलायला घेतलं तरी तो रकाना रिकामाच होता.

उठताना आबांनी मला थांबवलं. “वरच्या पट्टीतला कांदा आठ दिवसांत निघेल. यंदाच्या नववीच्या पोरी पाठव नमुना घ्यायला. पण शेणखत टाकायच्या आधी ये बरं, नाहीतर सगळा आकडाच चुकायचा.”