‘२ टनांची दोरी, अर्ध्या टनाची फांदी’ हे गणित चुकीचं आहे

पावसाळा जवळ आला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: फांद्या छाटायला महागडं सामान नको. हार्डवेअरच्या दुकानातली १२ मिलिमीटर नायलॉन दोरी २ टन पेलते, फांदी फार तर अर्ध्या टनाची, म्हणजे चौपट ताकद हाताशी. दोरी वरच्या बेचक्यातून टाका, खाली चार माणसं धरतील. तीच दोरी चढायलाही चालते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यावर विसंबून काम केलं तर झाडावरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

‘२ टन पेलते.’ हा नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीचा तुटण्याचा आकडा. गाठ मारली की ३० ते ५० टक्के ताकद तिथेच जाऊ शकते. त्यामुळे फांद्या उतरवताना तुटण्याच्या आकड्याचा पाचवा, बऱ्याचदा दहावा हिस्साच कामाचं वजन म्हणून धरतात. २ टनांचे उरले २०० किलो. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो असतं. ३० सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर लांब तुकडा २०० किलोच्या आसपास जातो, पानं-डहाळ्या वेगळ्या.

‘चौपट ताकद हाताशी.’ सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण यात फांदी शांतपणे लटकते असं गृहीत धरलंय. ती पडते. झाड वरून खाली उतरवत आणताना दोर बांधायला वर जागा उरत नाही, कप्पी कापाच्या खाली लावावी लागते, म्हणून कापलेला तुकडा आधी कप्पीच्या खाली पडतो आणि मगच दोर ताणला जातो. समजा १०० किलोचा तुकडा २ मीटर मोकळा पडला आणि दोर अर्धा मीटर ताणून थांबला. तेव्हाची कमाल ओढ त्याच्या वजनाच्या साधारण १० पट, म्हणजे १ टन. ही झाली तुकड्याकडची बाजू. दोर कप्पीवरून वळून खाली जातो, तिकडेही जवळपास तेवढीच ओढ. म्हणून कप्पी, तिला झाडाशी बांधणारा पट्टा आणि ती जिथे बांधली तो भाग यांच्यावर २ टनांपर्यंत भार येतो. मुंबईत मिलीबग या किडीने कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले. अशा झाडाची फांदी दोराच्या आधी मोडेल.

आता तोच तुकडा, तितकाच पडलेला, पण खालच्या माणसाने दोर सोडत सोडत पुढच्या २ मीटरमध्ये थांबवला. ओढ वजनाच्या दुप्पट, २०० किलो. दोर तोच, तुकडा तोच, फरक फक्त थांबवण्याचा. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘खाली चार माणसं धरतील.’ १ टनाचा झटका चार माणसं धरत नाहीत, ती ओढली जातात किंवा हात सोलून निघतात. दोर बुंध्याशी बसवलेल्या लोखंडी ड्रमला वेढे घालून धरायचा असतो. घर्षणांक (दोर आणि ड्रम यांच्यात घर्षण किती, ते सांगणारा आकडा) ०.२५ धरला तर एका वेढ्याने हातावरची ओढ जवळपास ५ पट घटते, दोन वेढ्यांनी २३ पट. म्हणजे २०० किलोच्या ओढीला एका माणसाच्या हातात ९ किलोच्या आसपास. झाड तोडायचंच असेल तर वेढे थेट बुंध्याला घातलेले चालतात. ते राखायचं असेल तर नाही, कारण साल सोलवटते. हाताला वेढा मात्र कधीच नाही. दोर धरणारा एकच, अनुभवी आणि पडणाऱ्या तुकड्यापासून लांब उभा असलेला हवा.

‘बेचक्यातून टाका.’ घर्षण दर फांदीगणिक वेगळं, त्यामुळे दोर कधी अडकतो, कधी सुसाट सुटतो, आणि घासून तापतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या वर. कप्पी लावावी, तिचं चाक दोराच्या जाडीच्या किमान चौपट व्यासाचं असावं, आणि कप्पी व पट्टा दोरापेक्षा दणकट असावेत; दुपटीचा भार त्यांच्यावर येतो हे वर आलंच आहे.

‘नायलॉन दोरी.’ दुकानातली निळी-हिरवी ‘नायलॉन’ दोरी अनेकदा नायलॉन नसतेच. तुकडा पाण्याच्या बादलीत टाका: तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. खरं नायलॉन झटका चांगला शोषतं, हे मान्य. पण ते जास्त ताणतं, त्यामुळे ओंडका अंदाजापेक्षा खाली येतो आणि हेलकावतो. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत ते खिडक्यांवर बेतेल. शिवाय भिजल्यावर त्याची ताकद १० ते १५ टक्के कमी होते, आणि आपल्याकडे आणीबाणीची छाटणी भर पावसातच होते. दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर या कामाला योग्य.

‘चढायलाही चालते.’ नाही. ओंडक्याचा झटका खाल्लेल्या दोरावर माणूस लटकवायचा नाही. चढणाऱ्याचा दोर वेगळा, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या पिशवीत. कंत्राटदार आला की दोन्ही दोर दाखवायला सांगा, आणि फांद्या उतरवण्याचा दोर हातातून पूर्ण सरकवून पाहा: कुठे कडक, चकाकणारा, वितळून चिकटलेला किंवा मध्येच बारीक झालेला भाग लागला, तर त्या दोराने काम सुरू करू देऊ नका.