ठपका एकट्या फ्रेडीवरच का?

आज सकाळपासून ज्या त्या ग्रुपवर एकच रील फिरतेय. गुलाबी टॉप, काळा चामडी स्कर्ट, कानात मोठाले डूल आणि ओठावर भरघोस मिशी अशा अवतारात क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. क्लिप संपते आणि खाली लिहिलंय, ‘याच्या असल्या थेरांमुळे क्वीन अमेरिकेतून उठली.’ त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

ही क्लिप ज्या गाण्याच्या व्हिडिओतली, ते ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ फ्रेडीने लिहिलेलंच नाही. ते बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. 1984 सालचा ‘द वर्क्स’ हा अल्बम. बायकांचे कपडे घालून ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या इंग्रजांच्या घरोघरी चालणाऱ्या मालिकेची फिरकी घ्यायची, ही कल्पना ड्रमर रॉजर टेलरकडून आली. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. व्हिडिओत गिटारवादक ब्रायन मे केसांत रोलर्स लावून नाइटगाऊनमध्ये उठतो, रॉजर शाळकरी पोरीच्या गणवेशात आहे, आणि डीकन काळ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून कुरकुऱ्या आजीबाईसारखा बसलाय. चौघांनी सोंग घेतलं. ठपका मात्र एकट्या फ्रेडीवर. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांनी हेच गाणं बसवलं होतं. समितीने गाण्याला परवानगी दिली, वेशाला नाही. ‘मुलांना बायकांचे कपडे कशाला?’ हे विचारणारे काका बालगंधर्वांचं नाव निघालं की हात जोडतात. नारायणराव राजहंस नऊवारी नेसून उभे राहिले ती कला, आणि लंडनच्या चार पुरुषांनी रोलर्स लावले की थेरं!

बरं, व्हिडिओ नीट बघितलाय का कुणी? घरातल्या भागात फ्रेडीने मिशी मुद्दाम ठेवलीय. विग, लिपस्टिक, खोटी छाती, सगळं आहे, पण मिशी तशीच. सगळी गंमत तिथेच आहे. तो बाई असल्याचं भासवतच नाही. चौघंही घरात कंटाळलेल्या माणसांसारखे वावरतात आणि आपापलं पात्र मन लावून करतात. पुढे याच माणसाने मधल्या बॅलेसाठी तीच मिशी साफ उतरवली, कारण तिथे त्याला रशियन नर्तक निजिन्स्कीने रंगवलेल्या फॉनसारखं (अर्धा माणूस, अर्धा बोकड) दिसायचं होतं. सोबत रॉयल बॅलेचे नर्तक, नृत्यरचना वेन ईगलिंगची. ईगलिंगशी त्याची ओळख जुनी. 1979 मध्ये लंडनच्या कोलिझियममध्ये रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर तो नाचला होता. रीलमध्ये हा भागच कापलाय. तो कापला की उरतो फक्त झाडलोट करणारा मिशीवाला, आणि हसणाऱ्यांचं काम सोपं होतं.

ब्रिटनमध्ये गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत एमटीव्हीने व्हिडिओ बाजूला ठेवला आणि गाणं 45 वरच अडकलं. ब्रिटिशांना मालिका ठाऊक होती, विनोद लगेच कळला. अमेरिकेत तो संदर्भच नव्हता, दिसले ते फक्त झगे. मान्य, क्वीनची तिथली घसरण 1982 च्या ‘हॉट स्पेस’ अल्बमपासूनच सुरू झाली होती, सगळं या व्हिडिओच्या माथी मारता येत नाही. आणि घरकाम करणारी बाई हाच विनोद का, असं एका मैत्रिणीने विचारलं, तेही अगदीच चूक नाही.

तिकडे लॅटिन अमेरिकेत लोकांनी हे गाणं स्वातंत्र्याचं गाणं म्हणून उचललं. जानेवारी 1985 मध्ये रिओला क्वीनने ते गायलं, तेव्हा ब्राझीलमधली लष्करी राजवट अजून संपायची होती. डीकनच्या तीन-चार ओळी कुठवर पोचल्या बघा.

आता वाजवणाऱ्यांसाठी, कारण आमच्या गणपतीतही इथेच घोळ झाला. गाणं ई मेजरमध्ये, बारा बारच्या ब्लूजचाच सांगाडा, जरा ताणलेला. बहुतेक भार ई, ए आणि बी या तीन कॉर्डवर, फक्त मधल्या कडव्यात वाट बदलते. वेगळं ध्रुवपद नाहीच. अल्बममधलं गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, व्हिडिओतलं त्याहून साधारण मिनिटभर लांब, कारण सुरुवातीला जादा वाद्यसंगीत आहे. एकाने हे ऐकून आणि दुसऱ्याने ते ऐकून तयारी केली, की पहिल्याच ओळीला गायक आणि ड्रमर दोन दिशांना जातात. आणि तो सोलो गिटारचा नाही! तो साथीचा कीबोर्डवादक फ्रेड मँडेलने रोलँड ज्युपिटर-8 सिंथेसायझरवर वाजवलाय. डिस्टॉर्शन चढवून गिटारवर काढायला गेलात की सूर चिरका होतो आणि ती गुळगुळीत घसरण हातून निसटते. कीबोर्डवर एका वेळी एकच स्वर वाजेल असा लीड आवाज घ्या, किंचित पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ठेवा, बाकी काम पिच बेंडच्या चाकावर. मैफलींत ब्रायन तो गिटारवर वाजवायचा हे खरं, पण त्याचा हात वेगळा.

सकाळचा राग आता थोडा निवलाय. पण एक गोष्ट सलतेच. फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. हे सांगताना आपली छाती फुगते. घाटात गाडी वळली की ‘इथे फ्रेडी शिकला बरं का’ म्हणणारे हेच लोक. पाचगणीचा फ्रेडी हवा, स्कर्टमधला नको, असं चालणार नाही. तो एकच माणूस होता.

यंदा मुलांनी पुन्हा याच गाण्याचं नाव दिलंय. कीबोर्डवाली मुलगी सोलो तयार करतेय. रविवारी समितीची बैठक आहे, त्यात मी वेशाचा विषय काढणार. सोसायटीतल्या ज्यांना हे पटतंय त्यांनी इथे नुसतं लाइक करून थांबू नका, बैठकीला या. काकांनाही बोलावलंय. आधी पूर्ण व्हिडिओ लावू, बॅलेसकट, मग काय ते बोलू.