आठशे फुटांवर पाताळगंगा नाही, काळा पाषाण आहे

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘विहीर आटली तर घाबरू नका. आठशे फूट बोअर मारा, खाली पाताळगंगा आहे. आपल्याकडे पाऊस भरपूर, पाणी दरवर्षी भरून येतं. आणि आपल्या शेतातलं पाणी आपलंच.’ या भरवशावर लोक कर्ज काढताहेत, म्हणून लिहितोय.

पाताळगंगेचं आधी. आपला पट्टा दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि खडकाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. शंभर घनफूट खडकातून फार तर एक ते तीन घनफूट पाणी हाती लागतं, आणि खोल जावं तशा भेगा मिटत जातात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वावरात बोअरची गाडी लागली तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो. नव्वद फुटांवर चिखल उडाला, सगळ्यांचे चेहरे खुलले. पुढे साडेसहाशेपर्यंत नुसती कोरडी राखाडी भुकटी. संत्र्याची पानं पांढरी झाली. पैसे मात्र फुटाफुटाचे मोजावे लागले. खोलवर पाणी कधी लागतंही, पण तो जुना साठा. उपसला की तो पटकन भरून येत नाही.

‘पाऊस भरपूर’ म्हणता, तर हिशेब करू. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, म्हणजे एकरावर चाळीस लाख लिटर पाणी पडतं. बेसॉल्टमध्ये त्यातलं जेमतेम दहावा हिस्सा मुरतं: चार लाख. एकरात एकशेदहा झाडं, मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज किमान शंभर लिटर. मार्च ते मे, तीनच महिन्यांत दहा लाख लिटर! ठिबक असूनही. ही तूट बागेबाहेरच्या रानात मुरलेल्या पाण्यातूनच भरते, आणि सगळीकडेच बाग झाली की ते रानही उरत नाही.

राहिलं ‘आपलं पाणी’. शेजाऱ्याला नव्वद फुटांवर लागलं ते माझ्या विहिरीचंच. त्याची मोटर चालली की माझ्या विहिरीतल्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडतो. त्याच्यावर राग नाही, बाग त्यालाही जगवायचीय. पण महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला बंदी आहे, ती याच कारणानं. आपल्याहून निम्म्याहून कमी पावसाच्या हिवरे बाजार गावानं तर शेतीसाठी बोअर घेणंच बंद केलं.

दिवाळीनंतर एका नाल्यावरच्या सगळ्यांनी दोरीला दगड बांधून आपापली विहीर मोजावी, आकडे एका वहीत लिहावेत. किती झाडांचा आंबिया (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार) धरायचा, ते त्या वहीवरून ठरवू.