‘ॲसिड ओता, विषय संपवा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गॅरेजच्या कोब्यावरचे हट्टी डाग काढण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "ताई, पुस्तकं वाचून डाग निघत नाहीत. गॅरेज म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा नव्हे. ॲसिड ओतायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, पाणी मारायचं, दहा मिनिटांत विषय संपला. लेप लावून दोन-दोन दिवस बघत बसायला वेळ कुणाला आहे? टायरच्या काळ्या पट्ट्यांबद्दल अवाक्षर नाही, डिग्रीझरचं प्रमाण दिलेलं नाही. आणि लेख निम्मा असता तरी चाललं असतं."

आधी शेवटचं घेते. लेख लांबलाय, मान्य. पाण्याच्या थेंबाची चाचणी सांगण्यात मी दोन परिच्छेद घालवले. ती एका ओळीत मावली असती: स्वच्छ जागी थेंब टाका, कोब्याने तो पिऊन घेतला तर वर सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा थर, नाही, थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सीलर तरी आहे नाहीतर तेल तरी. झालं. एवढा मुद्दा तुमचा.

बाकीच्याबद्दल मात्र बोलावं लागेल, आणि मुद्द्याआधी सुराबद्दल. तुम्हाला ॲसिड आवडतं, मला नाही, असं म्हणून आपण दोघं शांतपणे बोलू शकलो असतो. पण तुमची सुरुवातच ‘पुस्तकं वाचून’ अशी. लिहिणारी बाई आहे म्हटल्यावर तिने गॅरेज पुस्तकातच पाहिलं असणार, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लेखाखाली इतरांनीही वेगळी मतं मांडली आहेत. एकाने तर डिझेलने डाग काढायचा उपाय सुचवलाय, जो मला साफ चुकीचा वाटतो, पण त्यांनी तो सुचवला, माझ्या अंगावर फेकला नाही.

तर ऐका. आमचे अण्णा गाड्या दुरुस्त करायचे. मी शाळेचा अभ्यास त्याच शेडमध्ये केला. सांडलेल्या ऑईलवर लाकडाचा भुसा टाकायचा, तो विटेच्या तुकड्याने रगडायचा आणि खराट्याने गोळा करायचा, हे काम माझ्याकडे होतं. ताज्या ऑईलवर पाणी मारलं की अण्णा ओरडायचे, कारण पाण्याबरोबर डाग पसरतो आणि बशीएवढा असतो तो परातीएवढा होतो. आधी टिपायचं, मग धुवायचं, हा क्रम मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. इंजिन ऑईल, गिअर ऑईल आणि ब्रेक ऑईल मी वासावरून ओळखायचे. तुम्ही ओळखता?

आणि ॲसिडचंही तिथेच पाहिलं. जागेच्या मालकांना एकदा शेड स्वच्छ दिसायला हवी होती. अण्णा गावाला गेलेले असताना त्यांनी माणूस बोलावला आणि त्याने तुमचीच पद्धत वापरली. ॲसिड ओतलं, घासलं, पाणी मारलं. जमीन पांढरी फटफटीत दिसली, मालक खूश. अण्णा परत येईपर्यंत भिंतीवर टांगलेले पाने, जॅकचा दांडा, व्हाइसचा जबडा, सगळ्यांवर तांबडी बुरशी चढावी तसा गंज चढला होता. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ हवेत राहते आणि उघडं लोखंड दिसेल तिथे बसते. बंद शेडमध्ये तर विचारायलाच नको. पुढे त्या कोब्याची पूड निघत राहिली. झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पायाला बारीक वाळू. आणि ऑईलचे डाग? पावसाळा संपेपर्यंत एकेक करून परत वर आले.

ते का आले, हे लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही तिथपर्यंत पोचलात असं वाटत नाही. ॲसिड तेलाला हात लावत नाही. इंजिन ऑईल हा हायड्रोकार्बनचा प्रकार. तो हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतही नाही, त्याच्याशी रासायनिक क्रियाही करत नाही. ॲसिडची क्रिया होते ती सिमेंटवर. काँक्रीट अल्कधर्मी असतं, नव्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२ ते १३ च्या घरात असतो. त्यातल्या चुन्यावर ॲसिड पडलं की फसफस होते, कॅल्शियम क्लोराईड तयार होतं आणि वरचा थर धुऊन जातो. त्या थराबरोबर थोडा डाग जातो, म्हणून फिकट दिसतं. ज्याला तुम्ही डाग निघाला म्हणताय, ते शर्टावर शाई सांडली म्हणून तेवढं कापड कातरून काढण्यासारखं आहे. त्यातही गंमत अशी की जिथे ऑईल खोल मुरलंय, तिथे ते ॲसिडला सिमेंटपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे डाग राहतो आणि भोवतालची चांगली जमीन झिजते. घासून खडबडीत झालेली जमीन पुढचं ऑईल आणखी लवकर पिते, हे वेगळंच.

फसफस दिसली की काम चाललंय असं वाटतं, हा तुमचा एकट्याचा गैरसमज नाही. पण ती फसफस तुमच्या जमिनीची आहे, डागाची नव्हे. मागे उरणारं कॅल्शियम क्लोराईड हवेतली ओल धरून ठेवतं. नीट धुतलं नाही तर जमीन दमट राहते, आणि क्लोराईड खाली मुरत सळईपर्यंत गेलं तर सळई गंजते.

आता तुम्ही म्हणाल, मग जमिनीवर इपॉक्सीचा रंग मारणारे ॲसिड का वापरतात? वापरतात. कोबा गुळगुळीत घोटलेला असतो, रंगाला धरायला जागा हवी म्हणून ते मुद्दाम वरचा थर खरवडतात. पण त्याआधी तेल काढून घेतात, कारण तेलावर इपॉक्सी धरत नाही, पापुद्रे सुटतात. ॲसिडनेच तेल निघत असतं तर त्यांनी आधी डिग्रीझर मारून स्वतःचं काम कशाला वाढवलं असतं?

ओट्याबद्दल. हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, पण माझ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा फरक नेमका तोच आहे! ओट्यावर सांडतं ते खाद्यतेल. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीने त्याचा साबण होतो आणि तो पाण्याबरोबर जातो. इंजिन ऑईलचा साबण कधीच होत नाही, कितीही सोडा टाका. त्याला एकतर पृष्ठभागावरून सुटं करून पाण्यात धरून ठेवणारं डिटर्जंट लागतं, म्हणजे डिग्रीझर, किंवा त्याला विरघळवणारं सॉल्व्हंट. वर फिकट झालेला डाग काही दिवसांनी पुन्हा गडद होतो, कारण खाली छिद्रांमध्ये शिल्लक असलेलं ऑईल हळूहळू वर येतं. म्हणून लेप. मुलतानी माती किंवा टाल्क टर्पेंटाइनमध्ये कालवून घट्ट पेस्ट करायची, डागापेक्षा थोडी बाहेरपर्यंत बोटभर जाड थापायची, वर प्लॅस्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. टर्पेंटाइन आत शिरतं, ऑईल पातळ करतं, आणि मग प्लॅस्टिक काढल्यावर माती सुकताना ते वर ओढून घेते. दारं उघडी ठेवायची, जवळपास ठिणगी नको, आणि टर्पेंटाइनऐवजी पेट्रोल तर अजिबात नको, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते.

यात दोन दिवस जातात हे खरं. पण ते लेपाचे जातात, तुमचे नाही. तुम्ही त्याच्याकडे बघत बसायचं आहे असं मी कुठे लिहिलंय? थापा आणि आपल्या कामाला लागा. जुन्या डागाला पुन्हा एकदा थापावा लागतो, हेही लेखात आहे.

तारेच्या ब्रशचं थोडक्यात सांगते. साध्या पोलादी तारा तुटून छिद्रांत अडकतात आणि ओल लागली की गंजतात. ऑईलचा डाग काढायला गेलात, तांबडे ठिपके पदरात पडले. नायलॉनचा कडक ब्रश घ्या. गंजाचे डाग पडलेच, तर त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड असतं. हो, ॲसिडच. मी ॲसिडची शत्रू नाही. पण ते गंजातलं लोह धरून विरघळवतं, आणि चुन्याशी गाठ पडली की न विरघळणारा क्षार बनतो, त्यामुळे जमीन तितकी खात नाही. विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लावूनच वापरा.

टायरच्या पट्ट्या: लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘रंग न दिलेला उघडा कोबा’ असं लिहिलंय. उघड्या कोब्यावर घासलं गेलेलं रबर डिग्रीझर आणि ब्रशने निघतं, त्यावर वेगळा लेख होत नाही. रंगवलेल्या किंवा सीलर मारलेल्या जमिनीवर गरम टायरमधली तेलकट द्रव्यं थरातच उतरतात, ते दुखणं वेगळं, त्यावर कधीतरी लिहीन. प्रमाणाचं म्हणाल तर प्रत्येक डिग्रीझरचं वेगळं असतं आणि ते डब्यावर छापलेलं असतं. पुस्तकं नाही तर निदान डबे तरी वाचत जा.

एका गोष्टीवर मात्र मी चिडून बोलत नाहीये. तुमच्या प्रतिक्रियेत आणखी एक वाक्य होतं, जे मी वर दिलेलं नाही: ॲसिडने नाही निघालं तर त्यातच थोडं ब्लीच मिसळा. हे करू नका, कुणालाही सांगू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत खंदकांवर सोडला होता तोच. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे खाली वाकून जमीन घासणाऱ्या माणसाच्या तोंडाशीच साचतो. कुणी आधी एक आणि नंतर दुसरं ओतलं, मध्ये नीट धुतलं नाही, तरी तेच होतं. चुकून झालंच तर बादली-ब्रश तिथेच टाका, बाहेर मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर डॉक्टर गाठा. साफसफाई नंतर होईल.

ते वाक्य मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढून टाकलंय. बाकीची जशीच्या तशी ठेवली आहे, टोमण्यासकट. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण आधी लेख शेवटपर्यंत वाचा.