पुस्तक कुणाच्या खात्यावर?

अंबाजोगाईच्या आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सध्या एकच वाद पेटलाय. तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाला कुणी दाता पैसे देणार आहे. तरुण विश्वस्त म्हणतात टॅब आणि ई-रीडर घ्या, जुने म्हणतात पुस्तकं घ्या. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी साक्षीला मलाच ओढतात. "तिकडं तर समदे टॅबवरच वाचत असतील की बे?"

नाही वाचत. जर्मनीत सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकबाजारातली ई-बुकांची उलाढाल सहा-सात टक्क्यांच्या आसपासच रेंगाळते आहे. जर्मन माणसाला कागदाचा फार उमाळा आहे, असं काही नाही. इथं कायद्यानं पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती गल्लीतल्या दुकानापासून मोठ्या ऑनलाइन कंपनीपर्यंत सगळ्यांना पाळावी लागते. २०१६ पासून कायद्यात ई-बुकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. नव्या पुस्तकावर सवलतीची लूट नाही, म्हणून गल्लीतली दुकानं टिकली, आणि दुकानं टिकली म्हणून कागद टिकला. करही छापील पुस्तक आणि ई-बुक दोन्हींवर सात टक्केच. आपल्याकडे छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-बुकाला मात्र २०१८ च्या बदलानंतर, छापील आवृत्ती असेल तर पाच टक्के आणि नसेल तर अठरा. जे फक्त पडद्यावरच मिळतं त्याला जास्त कर, हे डोकं कुणाचं, कोण जाणे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मराठी मी ई-रीडरवरच जास्त वाचतो. विमानात तेवीस किलोची बॅग. त्यात आई काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ भरते, पुस्तकांना जागा उरते ती बुटांच्या पोटात. २०१६ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली, तेव्हा माझ्यासारख्यांना हायसं वाटलं. कागदाचा वास वगैरे गोष्टी मला सांगू नका. आमच्याकडच्या जुन्या पुस्तकांना वास यायचा तो डांबरगोळीचा.

पण मराठी ई-बुक वाचताना दाताखाली खडे लागतात, तेही खरं. आपली कितीतरी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली. ती सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि प्रकाशक पुन्हा मुद्रितशोधनाचा खर्च करत नाहीत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुस्तकं फुकट ठेवलीत, फार मोठं काम आहे ते, पण ती बहुतेक पीडीएफ. सहा इंची पडद्यावर पीडीएफचं पान उघडलं की मुंग्या चालल्यासारखं दिसतं. अक्षर मोठं करा, पान डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. दोन पानांत माणूस झोपतो.

तरी माझा खरा आक्षेप अक्षरांवर नाही, मालकीवर आहे. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं विकलेली ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. ती तिथं विक्रीला ठेवणाऱ्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, माफीही मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीनं विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकात उतरवून घेण्याची सोय बंद केली. म्हणजे मी पैसे मोजले ते वाचण्याच्या परवान्याचे. इथल्या मराठी मंडळातल्या पोराला मला माझं पुस्तक देता येत नाही. द्यायचं तर यंत्रच द्यावं लागेल.

इथली ग्रंथालयं हा प्रश्न थोडा सोडवतात. ऑनलाईहे नावाच्या सेवेतून घरबसल्या ई-पुस्तक मिळतं, मुदत संपली की आपोआप मिटतं, दंड नाही. पण एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. लोकप्रिय पुस्तकाला पडद्यावरही रांग लागते, आणि काही प्रकाशक नवी पुस्तकं महिनोन्‌महिने ग्रंथालयांना देतच नाहीत. त्यातही किंडलवर हे चालत नाही, म्हणून माझ्याकडे दोन यंत्रं. मराठी त्यात औषधालाही नाही.

आता गावाकडचा हिशेब. चांगला ई-रीडर सोळा-सतरा हजारांचा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे तीन क्विंटलभर सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. एवढ्या पैशांत वाचनालयात पाऊणशे पुस्तकं येतात. आणि ती फिरतात कशी! दिवाळी अंकांची योजना आठवा. वर्गणी भरली की होळीपर्यंत अंक बदलून न्यायचे. मुखपृष्ठ निघतं, ग्रंथपाल दाभणानं शिवून पुन्हा देतात, शब्दकोडं कुणीतरी आधीच पेननं सोडवलेलं असतं. एका अंकाला अख्खी गल्ली. हे एका खात्याला बांधलेल्या फाइलीकडून होणं नाही.

टॅब घेऊन नेमकं काय होणार, तेही मला दिसतंय. वाचनालयात सकाळपासून बसणारी पोरं स्पर्धा परीक्षेची आहेत. त्यांच्या मोबाइलात पीडीएफ आहेत, हातात झेरॉक्स आहेत. त्यांना पंखा, उजेड, स्वच्छ संडास आणि शांतता हवी. टॅब कपाटात कुलूपबंद राहतील, बॅटरी फुगेल.

तरुणांची एक बाजू मात्र मी पूर्ण मान्य करतो. आपल्याकडे कागदाला शत्रू फार. उधई आहे, धूळ आहे, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात नद्या घरांत शिरल्या, पोरांची दप्तरं वाहून गेली. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय चालवणं हीच चळवळ होती. त्या काळातले अंक, अहवाल, हस्तलिखितं जिथं कुठं उरली असतील तिथं हात लावला की भुगा होतोय. डिजिटलचा पैसा तिथं लावा. एक बरा स्कॅनर घ्या आणि जे दुसरीकडे कुठंच नाही तेवढंच आधी उतरवा. विकत मिळणारी पुस्तकं कागदावर घ्या.

असं मी गटात लिहिलं. लगेच एकाचं उत्तर आलं, "आन् स्कॅन कोण करणार? ग्रंथपालाला मिळतंय किती?" बरोबर आहे. १९६७ च्या कायद्यानं वाचनालयांना अनुदान मिळतं, पण 'ड' म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाच्या वाचनालयात त्यावर एका माणसाचं घर चालत नाही. दात्याला आधी तेवढं विचारा: पाटीवर नाव लावण्यासारखी वस्तूच द्यायची आहे, की पुढची दोन-तीन वर्षं पगारालाही हातभार लावणार?