स्वॅबमध्ये जंतू आला म्हणजे अत्याचार झाला?

परवा मावसबहिणीचा रडत फोन. चार वर्षांच्या लेकीच्या अंगावरून पिवळट जातंय म्हणून स्वॅब दिला, रिपोर्टमध्ये ई. कोलाय आला. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'लहान मुलीच्या स्वॅबमध्ये कुठलाही जंतू आला तर लैंगिक अत्याचार झालाच समजा. रिपोर्ट निल (जंतू नाही) असेल तर निश्चिंत राहा. शंका येताच अँटिबायोटिक सुरू करा.' खाली 'जनहितार्थ'. झालं, शाळेच्या व्हॅनवाल्या काकांवर हिचा संशय.

अहो, कुठलाही जंतू? ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो. शी झाल्यावर मागून पुढे धुतलं की तो पुढे येतो. या वयात तिथली त्वचा नाजूक, पातळ. चटकन लाल होते, स्राव सुरू होतो. घसादुखीचा स्ट्रेप्टोकॉकससुद्धा मुलीच्या स्वतःच्याच बोटांवरून तिथे पोचतो. गार्डनेरेला या जंतूचं नाव वाचून लोक हादरतात, पण अत्याचार न झालेल्या मुलींमध्येही तो सापडतो. मी लॅबमध्ये रोज कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या) प्लेटा बघते, म्हणून जास्तच चीड येते.

एक मान्य करावं लागेल. काही जंतू खरोखर धोक्याची घंटा असतात. नवजात वयानंतर मुलात गनोरिया हा लैंगिक संपर्कातून पसरणारा रोग पक्का ठरला, तर लैंगिक संपर्क झाल्याचंच धरतात. पण 'पक्का' कसा ठरवायचा? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका म्हणते, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या किमान दोन चाचण्यांनी ओळख पटवा आणि तो जंतू जपून ठेवा. कारण त्याच कुळातला नायसेरिया लॅक्टॅमिका मुलांच्या घशात सुखाने नांदत असतो आणि घाईघाईत तोच गनोरियाचा म्हणून खपतो. क्लॅमिडिया हाही असाच लैंगिक संपर्कातून पसरणारा जंतू, पण तो जन्मताना आईकडून येऊन दोन-तीन वर्षंही टिकू शकतो, म्हणून तिथे वय बघावं लागतं.

'निल म्हणजे निश्चिंत' हे तर भयंकर. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांना असा संसर्ग होतच नाही, आणि झाला तरी पहिल्या काही दिवसांच्या नमुन्यात दिसेलच असं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम १९, असा गुन्हा घडेल अशी शंका असली किंवा घडल्याचं कळलं, तरी कळवायला सांगतं. रिपोर्ट येईपर्यंत थांबा, असं त्यात कुठे आहे?

अँटिबायोटिकचं म्हणाल तर नमुने घेण्याआधी गोळ्या दिल्या की पुरावाच जाऊ शकतो.

बहिणीला म्हटलं, हा रिपोर्ट काकांच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही नाही. तू पोरीशी शांतपणे बोल, तिच्या तोंडी काही घालू नकोस. काही सांगितलंच तर लगेच १०९८, मुलांची हेल्पलाइन, लाव. धुवायची पद्धत आजपासून बदल. 'हो हो' म्हणाली. मग हळूच कबुली: तो मेसेज तिने सकाळीच भिशीच्या ग्रुपवर ढकलला होता.