कुत्सित हसणारी आनंदीबाई

शनिवारी कट्ट्यावर पोचलो तर मंग्या एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. पेशवे घराण्यावरची नवी कादंबरी. नाव लिहीत नाही. लेखक बंड्याच्या मेहुण्याच्या सोसायटीत राहतात.

"तिसऱ्याच पानावर आनंदीबाई कुत्सित हसली," मंग्या म्हणाला. "मग मोजत गेलो. एकतीस वेळा! बाईला दुसरं हसूच नाही."

"अरे, कादंबरी आहे ती," बंड्या म्हणाला. "लेखकाला थोडी मोकळीक नको?"

"घे की मोकळीक! पण थोरले माधवराव हुजऱ्याला 'दोन मिनिटं थांब' म्हणतात. घटका म्हण, पळं म्हण. असंच चाललं तर 'रिक्षा बोलाव' पण म्हणतील."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. म्हणजे आता आम्ही गप्प बसायचं.

"मिनिटांचं सोड. नारायणराव पेशव्याला मारलं ३० ऑगस्ट १७७३ ला. पोरगा अठरा वर्षांचा. गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले ते थकलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत. या पुस्तकात पगार, रोजमुरा, काही सापडतं का बघ."

मंग्याने ते प्रकरण चाळलं. गारद्यांचे डोळे लालबुंद होते, मिशा पिळदार होत्या. पगार नव्हता.

"आणि 'ध चा मा'ला तीन पानं, त्यात दोन वेळा वीज कडाडते," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला ती पानं आवडली होती, पण तिथे बोललो नाही.

मास्तरांनी पेपरच्या कोऱ्या कडेला मोडीत 'धरावे' लिहिलं, शेजारी 'मारावे'. आम्हाला दोन्ही सारखीच गिचमीड. "हा किस्सा शाळेतल्या पोराला पाठ. आनंदीबाईने हुकमातल्या 'ध'चा खरंच 'मा' केला का, यावर जाणकारांचं एकमत नाही. ती शंका शेवटपर्यंत जागती ठेवायची, तर हे विजा पाडत बसले!"

"मग तुम्ही काय लिहिलं असतं?" बंड्या जरा घुश्शातच.

"गंगाबाई. नवरा मारला गेला तेव्हा ती पोटुशी होती. चुलतसासरा राघोबा, आनंदीबाईचा नवरा, स्वतःच पेशवा होऊन बसला. बारभाईंनी, म्हणजे राघोबाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेलं. सगळ्यांचे डोळे तिच्या पोटाकडे. मुलगा झाला तर दौलत, मुलगी झाली तर डाव खलास. खुनापासून साडेसात महिने काढले तिने. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला, आणि चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवाईची वस्त्रं. तिला रोज काय खायला घालत असतील, कोण आधी चाखून बघत असेल, रात्री दाराबाहेर पावलं वाजली तर काय होत असेल तिचं... यात कादंबरी नाही? इथे तिच्या वाट्याला काय आलंय, वाच."

मंग्याने वाचलं, "गंगाबाई ओक्साबोक्शी रडू लागली." पुढचा परिच्छेद नाना फडणवीसांच्या पगडीवर.

बंड्या काही बोलला नाही. त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि ओरडलाच. कुणीतरी त्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. मुखपृष्ठावरच्या आनंदीबाईच्या तोंडाभोवती तपकिरी गोल उमटला होता.

"परत काय देऊ आता? मेहुण्याची प्रत आहे, आत लेखकाची सही आहे!"

"दाखव," मास्तर म्हणाले. त्यांनी पुस्तक दिव्याखाली धरलं. "अरे, आत्ता कुठे बाई जरा विचारात पडल्यासारखी दिसतेय."